नवव्याआधी दहावं

वैरागडेजींनी एकदा एक लग्नपत्रिका परत पाठवली होती.

पत्रिका आमच्याच कचेरीतल्या बडे बाबूंच्या मुलीच्या लग्नाची. तिच्यात भोजनाची वेळ वर छापली होती आणि मुहूर्ताची खाली. वैरागडेजींनी तांबड्या पेन्सिलीनं दोन्ही ओळींना बाण काढले, समासात 'क्रम दुरुस्त करून फेरसादर करावे' असा शेरा मारला, खाली सही आणि तारीख घातली, आणि शिपायाच्या हातानं ती बडे बाबूंच्या टेबलावर रवाना केली. बडे बाबू तीन दिवस धुमसत होते. चौथ्या दिवशी त्यांनी दुसरी पत्रिका हातानं दुरुस्त करून पाठवली, आणि मग वैरागडेजी लग्नाला गेले. आहेरही घसघशीत केला.

त्र्याहत्तर साली मी त्या कचेरीत चिकटलो, तेव्हा ते रेकॉर्ड सांभाळत होते. कोणतीही फाईल त्यांच्याकडे गेली की ते मजकूर वाचत नसत, आधी पानांचे नंबर तपासत. चौतिसाव्या पानाच्या जागी पस्तिसावं लागलेलं असलं की फाईल परत. साहेबाची असो नाहीतर साहेबाच्या साहेबाची. "पयले कोणतं, मंग कोणतं?" हा त्यांचा कायमचा प्रश्न. डबा खातानाही पोळी संपल्याशिवाय भाताकडे नजर टाकत नसत. कोणी घरची हकिगत सांगायला लागलं की मध्येच हात वर करत. "थांबा जी. सासूबाई पयले पडल्या, का पयले डॉक्टर आला?" सांगणाऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी तिथल्या तिथे आटायचं.

माणूस उंच, सडपातळ, पन्नाशीकडे झुकलेला. लग्न केलेलं नव्हतं. नागपुरातल्या महाल भागात एका खोलीत एकटेच राहत. उमरेडकडे थोरला भाऊ शेती पाहत असे. वर्षातून एकदा त्याच्याकडून तांदळाचं पोतं यायचं. भाऊ स्वतः कधी आल्याचं मला आठवत नाही.

अशा माणसाला एखादा सिनेमा वेड लावेल, असं तुम्हाला वाटेल का? मला तर नोकरीला लागून दोन महिने होईस्तोवर वाटलं नव्हतं. मग मे महिना आला, आणि एका सोमवारी वैरागडेजी माझ्या टेबलाशी येऊन, आवाज खाली आणून, जवळजवळ लाजत म्हणाले, "बापू, 'सासऱ्याची मिशी' लागली. रविवारी चालता काय?"

आता हा सिनेमा तुम्ही पाहिला नसणार. पुण्या-मुंबईकडे तो दोन आठवड्यांत उतरला म्हणे. आमच्याकडे तो अठरा वर्षं उतरलाच नाही. आमच्या भागासाठी त्याची एकच प्रत होती, आणि दर उन्हाळ्यात शाळांना सुट्ट्या लागल्या की ती इतवारीतल्या एका टॉकीजमध्ये आठवडाभर दुपारी बाराच्या खेळाला लागायचीच. टॉकीजचं नाव सांगत नाही. मालकाचे नातू अजून हयात आहेत आणि भांडखोर आहेत.

काय गर्दी असायची! बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय, आत खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्यांवर पाणी मारलेलं, आणि त्या ओल्या वासात पाचशे माणसं पडद्याच्या आधी संवाद बोलताहेत. सिनेमातल्या आबासाहेबांना हातभर मिशी. बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणाऱ्या पोराशी मुलीनं लग्न ठरवलं म्हणून ते खवळलेले. "मिशी आहे तोवर आबासाहेब आहे!" असं ते गरजले की सगळी टॉकीज गरजायची, आणि ज्यांना मिशी आहे ते पीळ द्यायचे, ज्यांना नाही ते बोट आडवं धरायचे. आबासाहेबांचा कुत्रा भुंकला की बाल्कनीसुद्धा भुंकायची. मी पहिल्याच खेळात भुंकायला शिकलो. शेजारी एक वकील होते, ते माझ्यापेक्षा बरे भुंकत.

पण खरी गंमत पुढे होती. ती नवव्या आणि दहाव्या रिळाची.

मध्यंतरानंतर थोड्या वेळानं आबासाहेबांच्या वाड्याच्या दारात एक माणूस येतो. हुबेहूब आबासाहेब, फक्त मिशी नाही. कुत्रा त्याच्यावर भुंकतो. गडी त्याला दंडाला धरून बाहेर काढतो. आबासाहेबांची बायको डोक्यावरून पदर ओढून विचारते, "आपण कोण?" आणि तो बिचारा केविलवाणा निघून जातो. त्याच्या पाठोपाठ दिसतात खुद्द आबासाहेब, मिशीसकट. ते क्लॅरनेटवाल्याशी पैज लावतात, की मला हसवून दाखव, हसलो तर मिशी उतरवीन. क्लॅरनेटवाला हसवतो. न्हावी येतो. मिशी जाते. आणि शेवटी मांडवात बिनमिशीचे आबासाहेब मुलीचं कन्यादान करतात.

मग दारात आला तो कोण?

अख्ख्या नागपूरला याचं उत्तर माहीत होतं. तो आबासाहेबांचा जुळा भाऊ. लोकांनी त्याचं नावही ठेवलं होतं, दादासाहेब. सिनेमात हे नाव एकदाही येत नाही, पण आमच्या चहाच्या टपरीवर रोज येत असे. आणि या शास्त्राचे मूळ आचार्य आमचे वैरागडेजी.

"वहिनी पदर काहून घेते?" ते बोटं मोडत सांगत. "नवऱ्यासमोर कोणी बाई असा पदर ओढते काय? भासऱ्यासमोर ओढते! म्हणजे हा कोण झाला? मोठा दीर. जुळाच, पण अर्ध्या घटकेनं मोठा. क्रम आहे ना बाप्पा त्याले! लहानपणीच घर सोडून गेला, म्हणून तिनं पाह्यला नाही, कुत्र्यानं पाह्यला नाही. आबासाहेबाले मागाहून समजलं की आपल्या दारातून आपला भाऊ हाकलला गेला. त्याच्या काळजाले घर पडलं. पैज हे निमित्त! त्याले मिशी उतरवायचीच होती. भावासारखं दिसायचं होतं त्याले."

हे सांगताना त्यांचा आवाज चढायचा. मी तर दुसऱ्या वर्षी पैजेच्या प्रसंगाला, जिथे सगळे हसतात, तिथे डोळे पुसले होते.

शिष्यगणात दोन पंथही पडले. मांडवात कन्यादान करतो तो आबासाहेबच, असं एका पंथाचं म्हणणं. दुसरा पंथ म्हणे, नाही, तो परत आलेला दादासाहेब, थोरला म्हणून आबासाहेबांनी कन्यादानाचा मान त्याला दिला. आमच्या कचेरीतले दोघेजण या प्रश्नावरून महिनाभर एकमेकांशी बोलत नव्हते. शाई हवी असली तरी तिसऱ्याकरवी मागत.

वैरागडेजींची एक गोष्ट मात्र मला कळत नसे. ते कधी हसत नसत. पाचशे माणसं खुर्च्यांवरून घसरताहेत, आणि हे ताठ. दहावं रीळ जवळ आलं की खुर्चीचा हात घट्ट धरत आणि मान वळवून मागे वर, ऑपरेटरच्या केबिनच्या खिडकीकडे पाहत. मला वाटे, भक्ती आहे. मध्यंतरात उसाच्या रसाचे दोन ग्लास घेऊन ते त्या केबिनच्या लोखंडी जिन्यानं वर जात. तिथले ऑपरेटर लांजेवार त्यांचे दोस्त. बुटके, गोल, कायम बनियनवर, गळ्यात ओला पंचा. एरवी वर्षभर दर रविवारी, बाराचा खेळ असो वा नसो, वैरागडेजी बाराच्या ठोक्याला त्या केबिनमध्ये हजर. लांजेवारांच्या डब्यात त्यांच्या वाटणीच्या दोन पोळ्या जास्तीच्या असत.

ऐंशी सालच्या मार्चमध्ये आमच्या कचेरीत पुण्याहून लिमये साहेब बदलून आले. गोरेपान, हसतमुख, पानावरून बोट फिरवत वाचणारे. मे महिना उजाडला, जेवणाच्या सुट्टीत 'मिशी'ची चर्चा पेटली, आणि साहेब खोलीतून धावतच बाहेर आले.

"'सासऱ्याची मिशी'? अहो, कॉलेजात असताना नऊ वेळा पाहिलाय मी! पुण्यात माझ्याखेरीज कुणाला आठवतही नाही." त्यांना इतका आनंद झाला की ते आमच्या डब्यांमध्ये टेबलावरच बसले. आम्हालाही भरून आलं. पुण्याचा माणूस, साहेब, आणि आपल्यातला! सगळ्यांनी मिळून "मिशी आहे तोवर" म्हटलं. साहेबांनी क्लॅरनेटवाल्याची चाल करून दाखवली. मग कोणीतरी विचारलं, "साहेब, मांडवात तुमच्या मते कोण? आबासाहेब का दादासाहेब?"

"दादासाहेब कोण?"

आम्ही सांगितलं. सविस्तर सांगितलं, पदरासकट. साहेब ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा फुगत गेला. शेवटी ते असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला.

"अहो, त्या सिनेमात भाऊबिऊ कुणी नाही! आबासाहेब पैज हरतात, मिशी काढतात, घरी येतात, आणि बिनमिशीचे म्हणून त्यांना कुणी ओळखत नाही. बायकोसुद्धा! तीच तर गंमत आहे. तुमच्या टॉकीजवाल्यानं नवव्याआधी दहावं रीळ लावलंय."

कोणाच्या हातातला घास तोंडात जाईना. सगळे वैरागडेजींकडे पाहू लागले. त्यांनी हातातली तांबडी पेन्सिल हळूच टेबलावर ठेवली.

"नागपुरात असाच आहे, साहेब," ते म्हणाले.

"आणि हे तुम्ही म्हणता, वैरागडे? कालच माझी फाईल परत केलीत, पानं मागेपुढे झाली म्हणून!"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी घरून सिनेमाचं जुनं गाण्याचं पुस्तक आणलं, पिवळं पडलेलं. त्यात कथासार होतं. आम्ही सगळे त्यावर वाकलो. शेवटची ओळ होती, 'आणि मग आबासाहेबांच्या मिशीचे काय होते? ते रुपेरी पडद्यावरच पाहा!' दोन्ही पंथांनी टाळ्या वाजवल्या. साहेब चिडले. हा माणूस अधिकारानं बोलत नव्हता, प्रेमानं बोलत होता, म्हणून तर इतका चिडला.

"या रविवारी मी येतो. रीळ चुकलं की भर थिएटरात उभा राहून सांगतो."

आणि त्याच रविवारी लांजेवारांचा सत्कार होता. त्यांची नोकरी संपत होती. मुलानं रामटेकला घर बांधलं होतं, तिकडे ते कायमचे जाणार होते. आम्ही सगळ्या 'मिशी'भक्तांनी मिळून शाल आणि नारळ आणले होते. खेळ संपल्यावर पडद्यासमोर त्यांना बोलवायचं ठरलं होतं. चाळीस वर्षं त्या टॉकीजमध्ये काढलेल्या माणसाला लोक पहिल्यांदा समोरून पाहणार होते.

शनिवारी मी सही घ्यायला साहेबांच्या खोलीत शिरलो, तर वैरागडेजी तिथे हात जोडून उभे. कधी कोणासमोर न वाकलेला माणूस.

"सोमवारी सांगा, साहेब. पेपरात छापा. पण उद्या नका सांगू. उद्या त्याचा दिवस आहे."

"वैरागडे, चूक ती चूक. तुम्हीच तर शिकवता आम्हाला."

मला तेव्हा वाटलं, यांना स्वतःच्या इभ्रतीची काळजी पडली आहे. अठरा वर्षांचं आचार्यपद जाणार. थोडी मजाही वाटली, खोटं कशाला बोलू.

रविवार आला. बाहेर अंगाची लाही लाही होत होती आणि तिकिटाच्या खिडकीपासून रांग चौकापर्यंत गेलेली. लोक पोरंबाळं, सुना, पाहुणे घेऊन आले होते. आमच्या रांगेत मी, माझ्या डाव्या हाताला वैरागडेजी, उजव्या हाताला लिमये साहेब, मांडीवर ते गाण्याचं पुस्तक. पहिली आठ रिळं नुसता जल्लोष. साहेब सगळं विसरून भुंकले. वैरागडेजी मात्र पिळून काढलेल्या पंच्यासारखे बसले होते.

आठवं रीळ संपलं. पाचशे माणसं पुढे सरकली. बायकांनी गमतीनं पदर हातात धरले, बाल्कनीनं भुंकायला श्वास घेतला. दारात दादासाहेब येणार!

आले आबासाहेब. मिशीसकट. चावडीवर बसून क्लॅरनेटवाल्याशी पैज लावू लागले.

क्षणभर कोणाला काही समजेना. मग मागून एकजण ओरडला, "ए, रीळ उलटं लागलं!" आणि एकच गलका उठला. "दादासाहेब कुठी गेले?" "आमचा भासरा द्या!" "म्हाताऱ्याले दिसत नाही आता!" "सत्काराच्या दिवशीच कचरा केला ना बे!" खुर्च्या आपटायला लागल्या, शिट्ट्या सुरू झाल्या. लिमये साहेब खुर्चीवर चढून बेंबीच्या देठापासून ओरडत होते, "बरोबर आहे! अहो, हेच बरोबर आहे!" त्यांच्या अंगावर शेंगदाण्याची टरफलं पडली.

सिनेमा थांबला, दिवे लागले. मॅनेजर धावत आत आला आणि वर केबिनकडे पाहून सगळ्यांसमोर खेकसला, "लांजेवार! काय करून राहिला तू?" केबिनच्या चौकोनी खिडकीत लांजेवारांचा गोल चेहरा दिसला. घामानं थबथबलेला.

"वैरागडेजीले विचारा!" कोणीतरी म्हणालं. "हो, वैरागडेजी, तुम्ही सांगा!" पाचशे माणसं आमच्या रांगेकडे वळली.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की हा माणूस कसा कोंडीत सापडला आहे. 'चुकलं' म्हणावं तर दोस्त आज चुकला. 'बरोबर आहे' म्हणावं तर दोस्त अठरा वर्षं चुकत होता. दोन्हीकडून शाल-नारळाची माती.

वैरागडेजी उभे राहिले. टोपी काढली.

"आज बरोबर लागलं आहे," ते म्हणाले. "नववं पयले, दहावं मंग. इतके वर्षं उलटं लागत होतं. अन् ते माह्यामुळं. लांजेवारनं पयल्या दिवशी बरोबरच लावलं होतं. मीच वर जाऊन त्याले सांगितलं, उलटं लाव, मजा येते. चूक माही आहे. त्याले काही बोलू नका."

क्रमासाठी लग्नपत्रिका परत करणारा माणूस पाचशे लोकांसमोर कबूल करत होता, की आपणच क्रम मोडला.

"खोटं बोलून राहिला तो!"

आवाज वरून आला. लांजेवारांनी अर्धं अंग खिडकीतून बाहेर काढलं होतं. इतका बुटका माणूस, पण आवाज पडद्यापर्यंत गेला.

"खोटं आहे जी! चूक माही! पयल्या दिवशी एवढी ऊन होती, फिल्म तापू नये म्हणून डबे मी खसच्या ताटीखाली ठेवले. ताटीचं पाणी गळलं अन् डब्यावरच्या नंबराच्या चिठ्ठ्या सुटल्या. रिळाच्या आतल्या टोकावरही नंबर असते, पण ती टोकं आधीच फाटून आली होती. मी अंदाजानं चिठ्ठ्या चिकटवल्या. नवव्याआधी दहावं लागलं. हा वैरागडे तर तवा मले ओळखतही नव्हता! आज मी मुद्दाम सरळ लावलं. म्हटलं, जायच्या आधी एकदा तरी आपल्या हातानं बरोबर लावू."

मी तुम्हाला सांगतो, असा कल्ला मी जन्मात ऐकला नाही. लोक हसत होते की रडत होते, कळायला मार्ग नव्हता. खसची ताटी! ज्याच्या त्याच्या घरात त्या ताटीनं काही ना काही भिजवलेलं होतं. एक म्हाताऱ्या बाई बाल्कनीतून ओरडल्या, "असू दे वं माय! काय झालं त्याले! दोन्ही दाखवा!" आणि मग सगळी टॉकीज एका तालात, पाय आपटत, "दोन्ही! दोन्ही!"

दोन्ही दाखवलं. आधी नऊ-दहा, मग दहा-नऊ, मग पुढचं. मॅनेजरनं तीनच्या खेळाची रांग उन्हात तिष्ठत ठेवली. पहिल्या वेळी बिनमिशीचे आबासाहेब स्वतःच्याच घराच्या दारात उभे राहिले आणि बायकोनं पदर ओढला, तेव्हा माझ्या डाव्या बाजूनं एक चमत्कारिक आवाज आला. वैरागडेजी हसत होते. आधी दबकत, मग खांदे हलवत, मग तोंडावर टोपी धरून. दुसऱ्या वेळी दादासाहेब आले, तेव्हा लिमये साहेब पुढे सरकून बसले. नंतर पैज लागली, न्हाव्यानं वस्तरा उचलला, आणि साहेबांनी नाक शिंकरलं.

"वैरागडे," ते माझ्यावरून वाकून म्हणाले, "तुमचा जास्त चांगला आहे हो."

लांजेवार पडद्यासमोर आले ते बनियनवरच. शाल वैरागडेजींनी घातली. दोघेही एकमेकांकडे न पाहता उभे होते. लोकांनी इतक्या शिट्ट्या मारल्या की मॅनेजरचं भाषण कोणाला ऐकू गेलं नाही.

गर्दी पांगल्यावर मी आणि वैरागडेजी टॉकीजच्या पायऱ्यांवर बसलो. मी विचारलं, "तुम्हाला कधी कळलं, रीळ उलटं आहे ते?"

"पयल्याच खेळाले. कुत्रं भुंकलं तवाच."

"मग?"

"मंग काय." ते टोपी गुडघ्यावर सारखी करत राहिले. मग त्यांच्या पद्धतीनं, क्रमानं सांगू लागले. "तवा मी उमरेडहून नवा आलो होतो. तीन महिने झाले होते. कचेरीत लोक फाईल मागत, बाकी कोणी बोलत नव्हतं. खोलीवर गेलो की भिंत. एका रविवारी इथं येऊन बसलो, खालच्या क्लासात. रीळ उलटं लागलं. लोकांना काही समजेना, शिव्या द्यायला लागले, खुर्च्या तोडायला उठले. मी मागं पाह्यलं, तर खिडकीत त्याचा चेहरा. इतकी वर्षं मदतनीस होता, त्या दिवशी पयल्यांदा मशीन त्याच्या हातात दिली होती. मले ते पाहवलं नाही. म्हणून उभा झालो अन् ओरडलो, अरे थांबा, हा त्याचा भाऊ आहे! तोंडातून निघून गेलं, बापू. लोक खाली बसले. दुसऱ्या खेळाले लोक दोन भाऊ पाहाले आले. मंग सरळ लावायची सोय राह्यली नाही. दर साली त्या दोन रिळांले मी खुर्ची धरून बसत होतो, आता कोणी उठते, आता कोणी उठते. हसू कसं येईल?"

"पण एका अनोळखी माणसासाठी अठरा वर्षं?"

"अनोळखी कुठी राह्यला?" ते माझ्याकडे न पाहता म्हणाले. "खेळ सुटल्यावर तो खाली आला. बनियनवरच. या गर्दीत एकेकाले विचारत होता, तो उंच माणूस कुठी गेला, तो भाऊ म्हणणारा. नागपुरात मले शोधत आलेला तो पयला माणूस, बापू."

मंगळवारी लांजेवार सामान घेऊन रामटेकला गेले. कचेरीत वैरागडेजी नेहमीसारखेच होते. माझी एक फाईल त्यांनी परत केली, सतराव्या पानासाठी. फक्त शुक्रवारपासून ते कोणाशी फारसं बोलेनात.

रविवारी मला घरी चैन पडेना. बाराच्या सुमाराला मी सायकल काढून टॉकीजकडे गेलो. 'मिशी' उतरली होती, बाराचा खेळ बंद होता, जाळीच्या दाराला कुलूप. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. कोपऱ्यावरच्या रसवंतीत मी उभा राहिलो, आणि मग दिसलं. टॉकीजच्या बाजूच्या भिंतीला, वीतभर सावलीत, केबिनच्या त्या लोखंडी जिन्याच्या खालच्या पायरीवर वैरागडेजी बसले होते. धुतलेला सदरा, टोपी, हात गुडघ्यांवर. वरची केबिन आता नव्या ऑपरेटरची होती आणि तो त्यांना ओळखत नव्हता. त्यांना जायला दुसरी जागा माहीत नव्हती, म्हणून ते तिथे बसले होते. मला पुढे जाऊन काही बोलण्याचा धीर होईना.

एवढ्यात एक रिक्षा थांबली. तिच्यातून एक बुटका, गोल माणूस उतरला. गळ्यात ओला पंचा, हातात डबा, बसच्या धुळीनं भुवया पांढऱ्या झालेल्या. त्यानं कुलूप पाहिलं, रस्ता इकडून तिकडे पाहिला, आणि उन्हात डोळे बारीक करत थेट माझ्याकडे आला. एवढ्या उजेडात त्यानं मला ओळखलं नसावं.

"काहो भाऊ," लांजेवार धापा टाकत म्हणाले, "इथं एक उंच माणूस दिसला काय?"

मी जिन्याकडे बोट दाखवलं.